बयानानंतर पुन्हा अर्ज

जमानत अर्जातला एक परिच्छेद मी आता झोपेतही लिहून देईन. अर्जदार निर्दोष आहे, त्याला खोट्या प्रकरणात गोवलं आहे, तो बुरहानपूर जिल्ह्याचा कायमचा रहिवासी आहे, घरदार इथेच असल्यामुळे पळून जाण्याचा प्रश्न नाही, तो साक्षीपुराव्यात ढवळाढवळ करणार नाही आणि न्यायालय घालील ती प्रत्येक अट त्याला मान्य आहे. आमच्याकडे मध्य प्रदेशात हे सगळं हिंदीत लिहितात. नाव, ठाणं आणि अपराध क्रमांक बदलला की अर्ज तयार. मोटरसायकलच्या चोरीत हाच मजकूर आणि सात वर्षांच्या मुलीच्या प्रकरणातही हाच.

यात बेकायदा काही नाही. आरोपीच्या बाजूने बोलायला कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे, तो कोणीतरी मी. पण ‘साक्षीपुराव्यात ढवळाढवळ करणार नाही’ हे मी कोणाच्या भरवशावर लिहितो? आरोपीला मी बहुतेक वेळा पाहिलेलंही नसतं. वकालतनाम्यावरची सही तुरुंगातून येते, बाकीचं त्याचा बाप किंवा मोठा भाऊ सांगतो. एका अनोळखी माणसाच्या पुढच्या वागणुकीची हमी मी न्यायालयाला देतो आणि संध्याकाळी इथल्या राजघाटावर फिरायला जातो.

मुलांशी संबंधित गंभीर गुन्ह्यांत माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त कागद येतात ते पळून गेलेल्यांचे. मुलगी सतराची, मुलगा वीस-बाविशीचा, लूमवर नाहीतर केळीच्या ट्रकवर काम करणारा. लालबागच्या स्टेशनवरून भुसावळ, तिथून सुरत. घरचे ठाण्यात ‘गुम इंसान’ लिहवतात, काही आठवड्यांनी ‘दस्तयाबी’ होते, म्हणजे दोघं सापडतात, आणि मुलगी दंडाधिकाऱ्यांपुढे सांगते, मी माझ्या मर्जीने गेले. 2012 चा पोक्सो कायदा अठराच्या आतली मर्जी मानत नाही. मग सगळी लढाई जन्मतारखेवर येते. शाळेचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा दाखला, तेही नसेल तर हाडांची तपासणी, असा क्रम किशोर न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये घालून दिलेला आहे. मास्तरांनी नाव घालताना अंदाजाने टाकलेल्या तारखेवर एखाद्या पोराची दहा-वीस वर्षं टांगलेली असतात.

अशा प्रकरणात मी मनापासून भांडतो. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये धर्मेंदर सिंग प्रकरणात पोक्सोतल्या जामिनासाठी काही कसोट्या सांगितल्या, तो निकाल माझ्या फायलीत खुणेसकट असतो. या कायद्याच्या कलम 29 नुसार आरोपीनेच गुन्हा केला असं न्यायालयाने गृहीत धरायचं असतं. ते गृहीतक आरोप निश्चित झाल्यानंतरच लागू होतं, असं त्या निकालात म्हटलं आहे. त्याआधी न्यायाधीशाने काय पाहावं? मुलीचं वय किती, आरोपीचं किती, दोघांत अंतर किती, नातं आहे का, धमकी किंवा मारहाण होती का, प्रकार पुन्हा पुन्हा घडला का. कायद्याने संमती नसली तरी प्रत्यक्षात दोघांची मूक मान्यता होती का, हेही त्या यादीत आहे. हा शेवटचा मुद्दा मी न्यायाधीशांपुढे मोठ्याने वाचतो.

त्याच यादीत आणखी एक मुद्दा आहे. आरोपी सुटला तर त्याला पीडित मुलापर्यंत सहज पोहोचता येईल का? जितकी पोहोच सोपी, तितका जामीन देताना जास्त विचार. शेजारच्या काकाने, घरमालकाने, आत्याच्या नवऱ्याने आठ-नऊ वर्षांच्या पोरीला हात लावला असा आरोप असतो, तेव्हा हीच फाइल माझ्या हातात असते आणि मी ते पान उलटतो. वकिलाला अशी निवड करण्याची मुभा आहे. विरुद्ध बाजूचा मुद्दा सरकारी वकिलाने मांडावा, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. माझा प्रश्न नियमाचा नाही. पान उलटताना मला आत काही होतं का, हा आहे. खरं सांगायचं तर पूर्वी व्हायचं नाही. आता थोडंसं होतं, आणि हा थोडेपणाच मला जास्त खुपतो.

जामीन म्हणजे निकाल नव्हे, हे मी मुलीच्या बापालाही सांगितलेलं आहे. वाक्य खरं आहे. आरोपी पळेल का, पुरावा बिघडवेल का, पुन्हा तसं करील का, प्रथमदर्शनी काय दिसतं, शिक्षा किती मोठी होऊ शकते, एवढंच या टप्प्यावर तोलायचं असतं. केस डायरी वाचायची, एडीपीओ साहेबांचं, म्हणजे सरकारी वकिलांचं, म्हणणं ऐकायचं आणि आदेश लिहायचा. साक्षी खऱ्या की खोट्या हे नंतर. पण ज्या गल्लीत मुलगी आणि आरोपी एकाच नळावर पाणी भरतात, तिथे त्या वाक्याला काय अर्थ उरतो? साक्ष देताना मुलीची आरोपीशी नजरानजर होऊ नये याची काळजी पोक्सोच्या कलम 36 ने घेतली आहे. मध्ये पडदा असतो, आरसा असतो, नाहीतर व्हिडिओ असतो. न्यायालयातून ती घरी जाते तेव्हा समोरच्या ओट्यावर तोच बसलेला असतो.

आणि ज्या गोष्टीपाशी मी सगळ्यात जास्त अडखळतो ती तर माझ्याच तोंडची आहे.

गंभीर प्रकरणात पहिला अर्ज बहुधा फेटाळला जातो. जिल्ह्यात फेटाळला की जबलपूर. बुरहानपूर पूर्वीच्या पूर्व निमाडातलं, म्हणून इंदूर जवळ असूनही आमचं उच्च न्यायालय जबलपूरचं. रेल्वेने जवळपास पाचशे किलोमीटर. तिथूनही पुष्कळदा असा आदेश येतो की पीडितेची साक्ष झाल्यानंतर पुन्हा अर्ज करण्याची मुभा राहील. न्यायाधीशांचा विचार सरळ आहे. साक्षीआधी आरोपी बाहेर आला तर मुलीवर दबाव येईल, तेव्हा आधी तिला मोकळेपणी बोलू द्या. पोक्सोचं कलम 35 सांगतं की न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. तसं झालं तर हा सगळा मार्ग उत्तम आहे. पण तीस दिवसांत साक्ष होत नाही. कधी साक्षीदाराला समन्स बजावलेलं नसतं, कधी प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नसतो, कधी न्यायाधीश रजेवर, आणि कधी पुढची पेशी आम्हीच मागतो.

मधल्या काळात आरोपीचा बाप माझ्या ओसरीवर येतो. मी त्याला जे खरं आहे तेच सांगतो, “मुलीचं बयान झालं की पुन्हा अर्ज लावू.”

“बयान झालं का मंग सुटंन ना तो, साहेब?”

“बयान काय होतं त्यावर आहे.”

तो थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, “समजलं.”

काय समजलं, हे मी विचारत नाही. मुलीने न्यायालयात तोंड फिरवलं, ती पक्षद्रोही ठरली, की दुसरा अर्ज जवळजवळ हमखास मंजूर होतो हे मला ठाऊक असतं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यालाही कळतं. पुढे काय होतं याची खबर मला तुकड्यातुकड्यांनी लागते. समाजाची बैठक झाली. मुलीच्या मामाला निरोप गेला. मुलीच्या बापाचं कोणाकडे तरी उधार होतं ते मिटलं. राजीनाम्याची, म्हणजे तडजोडीची, बोलणी चालू आहेत. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, हे त्या बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणूनच तर कागदावर काही नसतं आणि सगळं पोरीच्या जिभेवर येऊन ठेपतं. मी कोणाला कधी सांगितलेलं नाही की जा, तिला समजवा. शपथेवर सांगायची वेळ आली तर तेही सांगेन. पण माझं ते एक स्वच्छ, कायदेशीर वाक्य गल्लीत गेल्यावर काय करतं, हे न कळण्याइतका मी नवा नाही.

मग काय सांगायचं त्या बापाला? त्याचा मुलगा आत आहे. तो निर्दोषही असू शकतो. कायद्यात पुढची पायरी काय हे त्याला सांगणं माझं कर्तव्य आहे. मी एवढंच ठरवलं आहे की त्याने ‘समजलं’ म्हटल्यावर गप्प बसायचं नाही. मुलीच्या घराकडे कोणीही फिरकलं तर तो नवा गुन्हा होईल आणि तुझ्या पोराची जमानत त्यानेच जाईल, हे तोंडावर सांगायचं. सांगतो. ऐकणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या वकिलाचा पत्ता शोधू लागतो, असंही घडतं. फीचं नुकसान होतं तेव्हा सद्सद्विवेकाचा आवाज किती बारीक असतो, हे मला त्या वेळी नेमकं ऐकू येतं.

मुलीच्या बाजूने कायदा अगदीच मुका नाही. 2018 साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 439 ला एक पोटकलम जोडलं गेलं. सोळा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात जमानतीच्या सुनावणीला फिर्यादी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती हजर असणं त्याने बंधनकारक केलं. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कलम 483 मध्ये आलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये एका सामाजिक कार्यकर्त्याच्या जनहित याचिकेवर पोक्सोच्या प्रकरणांसाठी निर्देश दिले, की जामीन अर्जाची खबर मुलाच्या कुटुंबाला मिळालीच पाहिजे आणि त्यांना बाजू मांडता आली पाहिजे. चांगलं आहे. प्रत्यक्षात मुलीची आई त्या दिवशीची मजुरी बुडवून येते, बाकावर बसते, तिला विचारतात, “आपत्ती है?” ती म्हणते, “हां.” झालं. ती हजर होती अशी नोंद होते. ती का नको म्हणते, आरोपीचं घर किती पावलांवर आहे, मुलीचं शाळेत जाणं थांबलं आहे का, हे विचारायला कोणाकडे वेळ नसतो. मी उलट बाजूला उभा असतो आणि हा प्रश्न निघू नये अशी मनोमन इच्छा करत असतो. हरकत घ्यायला फिर्यादीकडून उभा राहतो तेव्हा मात्र हाच प्रश्न मी तावातावाने मांडतो. दोन्ही वेळा माणूस एकच, काळा कोटही एकच.

आमच्या राज्यातून जमानतीच्या अटींचा एक नमुना देशभर गाजला. 30 जुलै 2020 ला इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली की त्याने राखीपौर्णिमेला पत्नीसह फिर्यादी बाईच्या घरी राखी आणि मिठाई घेऊन जावं, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, ओवाळणीचे अकरा हजार द्यावेत. ती बाई सज्ञान होती, पण हा आदेश लहान मुलांच्या प्रकरणांनाही तितकाच लागू पडणारा धडा ठरला. काही महिला वकील सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 18 मार्च 2021 ला न्यायमूर्ती खानविलकर आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी ती अट रद्द केली आणि स्पष्ट सांगितलं की जामिनाच्या अटींनी आरोपी आणि पीडित यांचा संपर्क घडवून आणू नये, तडजोड सुचवू नये. जामीन मिळाला की पीडितेला लगेच कळवावं, असंही सांगितलं. त्या राखीच्या आदेशामागचा विचार मला परका वाटत नाही, हे मात्र कबूल करायला हवं. ‘दोघांना एकाच गावात राहायचं आहे, मिटलं तर बरं’ ही आमच्याकडची शहाणपणाची बोली आहे. बाररूममध्ये ती रोज ऐकू येते. माझ्याही तोंडून निघते. मिटण्याची किंमत प्रत्येक वेळी एकाच बाजूने का मोजायची, एवढंच त्या बोलीत कोणी विचारत नाही.

आतापर्यंत जे लिहिलं त्यात मूल फिर्यादीच्या बाजूला होतं. मूल आरोपीच्या पिंजऱ्यात असतं तेव्हा माझ्या तराजूची दांडी भलतीकडेच झुकते.

19 मे 2024, रविवार. पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही आमच्या मध्य प्रदेशची लेकरं होती, म्हणून इथे त्या बातमीला वेगळीच धार होती. किशोर न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याच दिवशी साडेसात हजारांच्या बंधपत्रावर त्याला सोडलं आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. देश खवळला, मीही खवळलो. तीन दिवसांनी मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. 25 जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. त्या दिवशी मी बाररूममध्ये काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण किशोर न्याय कायदा, 2015 चं कलम 12 मला पाठ आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं हा नियम. त्यात हमीदारही लागेलच असं नाही. सुटकेमुळे तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असं मानायला सबळ कारण असेल, तरच अडवायचं, आणि ते कारण लिहून. गुन्हा भयंकर आहे हे त्या कलमात कारण म्हणून येत नाही. 14 ऑगस्ट 2024 ला राजस्थानच्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं. तो मुलगा अशा निष्कर्षाविनाच जवळपास वर्षभर आत होता. म्हणजे पुण्यातल्या मुलाला जामीन मिळणं हा कायद्याचा सर्वसाधारण रस्ता होता. निबंधाची अट हास्यास्पद होती, रक्ताच्या नमुन्यांची जी अदलाबदल पुढे उघड झाली ती संतापजनक होती, पण जामीन नव्हे. मला राग नेमका कशाचा आला होता? पैशाचा. आणि पैसेवाल्याला जे रविवारी मिळालं ते लूम कामगाराच्या पोराला सोमवारीही मिळत नाही, याचा. तो राग रास्त आहे. पण रागाच्या भरात मी मागणी केली ती त्या मुलाला आत ठेवण्याची. माझ्या अशिलाच्या पोराला तितक्याच लवकर बाहेर काढण्याची नव्हे. गरिबाचं पोर निरीक्षणगृहात राहतं ते पुष्कळदा कलम 12 च्या कारणाने नाहीच. बाप परगावी मजुरीला, आईकडे कागद नाहीत, ताब्यात घ्यायला वेळेवर कोणी पोहोचत नाही, सामाजिक तपासणी अहवाल आलेला नसतो. या गोष्टींसाठी मी कधी कोणापुढे खवळलेलो नाही.

रागाचा आणि ‘गंभीर’ या शिक्क्याचा भरवसा किती धरावा, याचं उदाहरण दूर शोधायला नको. जून 2017 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यानंतर आमच्याच जिल्ह्यातल्या मोहद गावच्या पोरांवर पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केल्याबद्दल राजद्रोह लागला. आरोपींत अल्पवयीनही होते. काही दिवसांत राजद्रोह गेला, त्या जागी दोन समाजांत तेढ पसरवल्याचं कलम आलं, आणि 2023 पर्यंत सगळे इथेच निर्दोष सुटले. निकाल ऐकायला त्यांतला एक जण उरला नव्हता. त्याच 2017 च्या सप्टेंबरमध्ये गुरुग्रामच्या शाळेत एका लहान मुलाचा खून झाला. पोलिसांनी बसच्या कंडक्टरला धरलं, टीव्हीने त्याला फासावर लटकवून टाकलं. सीबीआयने तपास केला तेव्हा बोट त्याच शाळेतल्या एका अल्पवयीन विद्यार्थ्याकडे वळलं. नोव्हेंबरमध्ये कंडक्टरला जामीन मिळाला आणि पुढे तो आरोपमुक्त झाला. त्या सप्टेंबरात त्याची जमानत मागायला माझ्याकडे कोणी आलं असतं, तर मी वकालतनामा घेतला असता का? या प्रश्नाचं उत्तर देताना मी जीभ चावतो.

एवढ्या सगळ्या विचाराचं फलित म्हणून मी अलीकडे अर्जात एक परिच्छेद नव्याने घालू लागलो आहे. अर्जदार सुटल्यावर कुठे राहील, ते ठिकाण पीडितेच्या घरापासून किती दूर, तिथे त्याची जबाबदारी कोण घेईल. न्यायाधीशाने विचारण्याआधी मीच सांगायचं. काही अर्जांत त्याचा उपयोग झाला. मग लक्षात आलं की आमच्याकडे ‘दूर’ म्हणजे बहुतेकांना रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ. मावशी तिथे, मामा तिथे. म्हणजे दुसरं राज्य. आणि न्यायालयाला आरोपी हद्दीत हवा असतो, जमानतदार स्थानिक हवा असतो, ऋण पुस्तिका याच जिल्ह्यातल्या शेतीची हवी असते. 1978 मध्ये मोती राम प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच गोष्टीवर कोरडे ओढले होते. तो मोती रामही मध्य प्रदेशचाच, गवंडी. त्याच्याकडून दहा हजारांचा जमानतदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. इतक्या वर्षांनी मी स्वतःच त्या अडचणीत माझ्या अशिलाला नेऊन उभं करतो आहे, आणि तेही मुलीच्या भल्यासाठी.

ज्याच्या बापाची शहरात दोन घरं आहेत, त्याच्यासाठी हा परिच्छेद एका ओळीत लिहून होतो. एका खोलीत लूमच्या खडखडाटाशेजारी राहणाऱ्यासाठी तो लिहिताच येत नाही. मागच्या आठवड्यात अशाच एका आरोपीचा भाऊ विचारत होता, जिल्ह्यातच पण लांब अशी भाड्याची खोली घेतली तर चालेल का. नेपानगर चालेल, मी म्हटलं. भाडं कोण भरणार, हे आम्ही दोघंही अजून ठरवतो आहोत. अर्ज तोवर माझ्या टेबलावर आहे.